किरायेदार पुण्याला निघून गेला. किराया, लाईट बिल सगळं बाकी. नागपुरात वसुली कशी करावी?

त्रिमूर्तीनगरवाला | ११ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. त्रिमूर्तीनगरात आमचं दोन मजली घर आहे, आईच्या नावावर. वरचा मजला किरायाने देतो. मागचे किरायेदार म्हणजे नवरा-बायको आणि एक मुलगी, अडीच वर्षं राहिले. त्याची नोकरी मिहानमधल्या एका कंपनीत. किराया महिना १४,०००, डिपॉझिट २८,०००. पहिली दोन वर्षं दर महिन्याला पाच तारखेच्या आत आईच्या खात्यात पैसे जमा व्हायचे. सप्टेंबरपासून बंद झाले. "काकू, पगार अडकला आहे, पुढच्या महिन्यात सगळं क्लिअर करतो" असे मेसेज आईच्या फोनवर आहेत.

३१ जानेवारीला त्यांनी घर सोडलं. निघताना तीन महिन्यांच्या किरायाचा म्हणून ४२,००० चा चेक आईच्या हातात दिला आणि बाकीचं डिपॉझिटमध्ये धरून घ्या म्हणाला. चेक टाकला तर खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला. बँकेचा मेमो ६ फेब्रुवारीला मिळाला. शिवाय लाईट बिलाचे ११,४०० राहिले, मीटर आईच्याच नावाने आहे. किचनचं सिंक फुटलं आहे आणि बेडरूमच्या दाराला भोक पडलं आहे. एक जुना फ्रिज तसाच सोडून गेले. आता फोन उचलत नाही. पुण्याला बदली झाली असं शेजाऱ्यांकडून कळलं.

ॲग्रीमेंट ११ महिन्यांचं, स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं. ते संपल्यावर नवीन केलं गेलं नाही. पोलिसांकडे गेलो तर हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा म्हणाले.

आई ६८ वर्षांची आहे, वडील नाहीत. या किरायावर तिचा घरखर्च आणि औषधं चालतात, म्हणून हे पैसे सोडून देणं आम्हाला शक्य नाही. वकिलाची फी झेपेल का, केस नागपुरात होईल का पुण्यात, आणि नोटरीच्या ॲग्रीमेंटवर काही होतं का, हे कोणी सांगेल का?

मेडिकल_चौक | ११ फेब्रुवारी

भाऊ, फ्रिज अजिबात देऊ नका. विकून टाका आणि पैसे वळते करा. आणि तो ज्या कंपनीत आहे तिथे फोन करून साहेबाला सांगा, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाका. अशा लोकांना लाज वाटल्याशिवाय पैसे निघत नाहीत. आमच्या इकडे असंच करून राहिले लोक.

बजाजनगरच्या_काकू | ११ फेब्रुवारी

मेडिकल चौकवाले भाऊ, राग समजतो, पण असं करू नये. मी किती वर्षं व्हीएनआयटीच्या पोरांना खोल्या देते आहे. एकदा आमच्या गल्लीतल्या एका घरमालकाने किरायेदाराचं सामान कुलपात ठेवलं. पोराने उलट तक्रार केली की कपाटातली सोन्याची चेन गेली. किराया बाजूलाच राहिला आणि घरमालकच ठाण्यात उत्तरं देत बसला. बाळा, तू फ्रिजला हात लावू नको. फोटो काढ आणि झाकून ठेव.

काळा_कोट | ११ फेब्रुवारी

मी नागपूर जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करते. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ६ फेब्रुवारी ही तारीख आहे. ॲग्रीमेंट, सिंक, फ्रिज हे सगळं नंतर बघू. आधी चेक.

चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. तुमच्या बाबतीत ती मुदत ८ मार्चला संपते. तोवर थांबू नका, याच आठवड्यात पाठवा. नोटीस त्याला मिळाल्यापासून १५ दिवस पैसे भरायला असतात. त्या १५ दिवसांत भरले नाहीत तर पुढच्या एका महिन्याच्या आत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार दाखल करायची. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ म्हणतात ते हेच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण घरमालकाच्या दृष्टीने खरा उपयोग असा की आरोपी म्हणून कोर्टात उभं राहावं लागलं की माणूस तडजोडीला येतो, आणि हा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला लावण्याचा अधिकारही कोर्टाला आहे.

केस नागपुरातच चालेल. २०१५ च्या दुरुस्तीनुसार, ज्या शाखेत तुमच्या आईचं खातं आहे तिथल्या कोर्टात तक्रार होते. तो पुण्यात असो की बंगळुरूला, यायचं त्यानेच.

आता नोटिसीबद्दल, कारण पुष्कळ केसेस इथेच पडतात. चेकची रक्कम ४२,००० आहे, तर नोटिसीत ४२,००० हीच मागणी आकड्यात आणि अक्षरात हवी. लाईट बिल, सिंक, दार सगळं एकत्र करून "एवढे लाख द्या" असं लिहिलं की समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. बाकीच्या रकमांसाठी वेगळी नोटीस पाठवा. चेक आईच्या नावाने आहे, म्हणून नोटीस आणि तक्रार दोन्ही आईच्याच नावाने. तिला दर तारखेला येणं जमत नसेल तर मुखत्यारपत्रावर तुम्ही काम बघू शकता, कारण व्यवहाराची माहिती तुम्हाला स्वतःला आहे.

नोटीस पोचपावतीसह पाठवा. पुण्याचा पत्ता, आधार कार्डावरचा मूळ गावचा पत्ता आणि कंपनीचा पत्ता, जितके माहीत आहेत तितक्या सगळ्यांवर. बरोबर पत्त्यावर गेलेली नोटीस त्याने घ्यायला नकार दिला तरी ती मिळाली असंच धरलं जातं. पाकीट परत आलं तर फोडू नका, शेरा असलेलं तसंच ठेवा.

त्रिमूर्तीनगरवाला | ११ फेब्रुवारी

ताई, मनापासून आभार. मूळ गाव अमरावती जिल्ह्यातलं आहे, आधारची झेरॉक्स आमच्याकडे आहे. एक शंका: डिपॉझिट २८,००० आमच्याकडेच आहे. मग चेकच्या केसमध्ये तो म्हणणार नाही का की माझे पैसे तुमच्याकडेच होते, चेक कशाला टाकला?

काळा_कोट | १२ फेब्रुवारी

नक्की म्हणेल. म्हणूनच हिशेब आधी कागदावर उतरवा. सप्टेंबर ते जानेवारी पाच महिने, म्हणजे ७०,०००. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे २८,००० डिपॉझिटमधून वळते. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारीचे ४२,००० उरले, आणि चेक बरोबर तेवढ्याचाच आहे. डिपॉझिट जुन्या दोन महिन्यांत संपलं हे नोटिसीत महिन्यांच्या नावांसकट लिहायचं. चेक वटवायला टाकला त्या दिवशी तेवढं देणं खरोखर बाकी होतं, हे त्यातून दिसतं. तो स्वतःच "बाकीचं डिपॉझिटमध्ये धरा" म्हणाला होता, त्याचा मेसेज असला तर फारच चांगलं.

तुमच्याकडे नसलेला पण अनेकांकडे असतो तो कोरा सह्या केलेला चेक. तो स्वतः मनाने भरून बाकीपेक्षा जास्त रकमेचा टाकू नका. देणं ३०,००० आणि चेक ५०,००० चा, अशा केसेस टिकत नाहीत.

नंदनवन_जुना | १२ फेब्रुवारी

ॲग्रीमेंट नोंदणीचं नसेल तर कोर्ट दारातच उभं करत नाही असं आमच्या इथे सगळे सांगतात. ते खरं आहे का?

काळा_कोट | १२ फेब्रुवारी

अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यामुळे कितीतरी लोक हक्काचे पैसे सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, अंमल ३१ मार्च २००० पासून. त्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. केला नाही तर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड होऊ शकतो. आणि करार नसेल तर अटींबद्दल किरायेदार जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, मात्र त्याविरुद्ध पुरावा येईपर्यंतच. लोक नेमका हा शेवटचा भाग वाचत नाहीत.

समजा तो म्हणाला, किराया १४,००० नव्हताच, ८,००० होता. तुमच्या आईच्या पासबुकात दोन वर्षं दर महिन्याला त्याच्या खात्यातून १४,००० आलेले आहेत. बहुतेक नोंदींसमोर 'रेंट' असं लिहिलेलंही असेल. माणूस आठ हजारांच्या घराला चौदा हजार का देत होता, हे मग त्याला सांगावं लागेल. पासबुक आजच अद्ययावत करून घ्या आणि बँकेकडून शिक्क्याचं स्टेटमेंट घ्या.

नोटरीच्या कागदावर स्टॅम्प ड्युटी कमी भरलेली असेल तर कमी पडलेली ड्युटी आणि दंड भरून तो पुराव्यात आणायची सोय आहे. नोटरी झाली म्हणजे नोंदणी झाली असं मात्र नाही.

किरायाच्या वसुलीचे दावे नागपुरात लघुवाद न्यायालयात जातात. बाकीच्या रकमांसाठी कुठे जायचं ते कागद बघून ठरतं.

नंदनवन_जुना | १२ फेब्रुवारी

खुलाशाबद्दल आभार ताई. जुन्या काळी, १९४९ च्या सी. पी. अँड बेरार रेंट कंट्रोल ऑर्डरमध्ये, किरायेदाराला खाली करायची नोटीस द्यायलासुद्धा आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची. विदर्भातल्या जुन्या घरमालकांच्या मनात ती धास्ती अजून आहे. कोर्ट म्हटलं की हात जोडतात.

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या घराचा किराया वडिलांच्या नावाने यायचा. ते गेले तेव्हा किरायेदाराकडे आठ महिन्यांची बाकी होती. वडील गेल्यावर तो आणखी चार महिने राहून निघून गेला. आता आम्ही भावंडं दावा लावू शकतो का?

काळा_कोट | १३ फेब्रुवारी

लावू शकता, पण दोन भाग करा. वडील गेल्यानंतरचे चार महिने तुमचे, वारस म्हणून तुमच्या स्वतःच्या हक्काचे. आधीचे आठ महिने म्हणजे वडिलांचं येणं. मृत व्यक्तीचं येणं वसूल करायचं तर हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा दिवाणी कोर्टाचा निकाल, होण्याआधी उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं, म्हणजे हे येणं घ्यायचा हक्क कोणाचा ते सांगणारा कोर्टाचा दाखला, भारतीय वारसा कायद्याचं कलम २१४. शेतजमिनीच्या खंडाला त्यातून सूट आहे, घराच्या किरायाला नाही. दावा आधी दाखल करून प्रमाणपत्र नंतर आणता येतं, पण ते आल्याशिवाय कोर्ट तुमच्या बाजूने हुकूमनामा देणार नाही. म्हणून त्या अर्जाला आत्ताच लागा.

आणि मुदत विसरू नका. थकलेल्या किरायासाठी तीन वर्षं, आणि ती प्रत्येक महिन्याची वेगळी मोजली जातात. घर सोडल्याच्या तारखेपासून सगळ्याची एकदम तीन वर्षं, असं नसतं. २०२३ च्या जूनचा किराया २०२६ च्या जूनमध्ये मुदतीबाहेर जातो, जुलैचा जुलैत. बोलणी चालू आहेत, तो देतो म्हणतो आहे, म्हणून घड्याळ थांबत नाही. मुदत संपण्याआधी त्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, किंवा बाकीपैकी काही रक्कम त्याच्या सहीच्या कागदाने किंवा चेकने भरली, तर तिथून नवीन तीन वर्षं सुरू होतात. म्हणून किरायेदार चांगला बोलत असतो तेव्हाच दोन ओळींचा कागद घ्यावा: अमुक महिन्यांचे अमुक रुपये देणं बाकी आहे, सही, तारीख.

मेडिकल_चौक | १३ फेब्रुवारी

ताई, ॲग्रीमेंट संपल्यावरही राहिला तर दुप्पट किराया मागता येतो ना? कुठेतरी ऐकलं आहे.

काळा_कोट | १३ फेब्रुवारी

ते भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडत नाही, त्याच्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई. इथे मात्र करार संपल्यावरही वर्षभराहून जास्त नेहमीचा किराया घेतला गेला, म्हणजे दोघांच्या संमतीने राहणं चालू होतं. इथे दुप्पट मागितलं तर खऱ्या मागणीवरचा विश्वास उडतो. व्याज मात्र मागा. लेखी नोटिसीत व्याजाची मागणी केली तर त्या तारखेपासून व्याज देण्याचा अधिकार कोर्टाला आहे. दर कोर्ट ठरवतं.

आणि फोटो टाकणं, कंपनीत बोभाटा करणं याबद्दल काकूंनी सांगितलं ते अगदी बरोबर. उद्या तो बदनामीची तक्रार करेल आणि ४२,००० चा विषय मागे पडेल. फ्रिजसाठी वेगळ्या नोटिसीत लिहा: मॉडेल, रंग, स्थिती, अमुक दिवसांत घेऊन जा. विकायचा हक्क तुम्हाला नाही.

विधीमित्र | १४ फेब्रुवारी

मी विधी सेवा प्राधिकरणाचा पॅरा लीगल व्हॉलंटिअर आहे. वकिलाच्या फीचा प्रश्न अजून कोणी घेतला नाही म्हणून लिहितो.

घर आईच्या नावावर आहे, तक्रारदार आई आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलेला मोफत कायदेशीर मदत मिळते आणि तिच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांनाही उत्पन्न न बघता मिळते. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. लोकांना वाटतं ही योजना फक्त तुरुंगातल्या माणसांसाठी किंवा नवऱ्याने टाकलेल्या बाईसाठी. घरमालकीण असली तरी ती महिला आहे, तिचा हक्क तेवढाच आहे.

सिव्हिल लाईन्सला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. आईंचं आधार कार्ड, चेक, बँकेचा मेमो, ॲग्रीमेंट, पासबुक, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स आणि साध्या भाषेतला अर्ज एवढं घेऊन या. पॅनेलवरचा वकील दिला जातो, कोर्ट फीचा भारही तुमच्यावर येत नाही. आईंना येणं कठीण असेल तर आधी १५१०० या राष्ट्रीय हेल्पलाईनवर बोला.

दुसरा मार्ग लोकअदालतीचा. केस दाखल होण्याआधीच्या टप्प्यावरही प्रकरण तिथे ठेवता येतं. समोरचा आला आणि समझोता झाला तर त्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नाही. चेकच्या फौजदारी केसमधून लोकअदालतीत झालेला समझोतासुद्धा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण काळा कोट ताईंनी सांगितलेली ३० दिवसांची मुदत लोकअदालतीच्या अर्जाने थांबत नाही. नोटीस आधी, लोकअदालत नंतर.

त्रिमूर्तीनगरवाला | १४ फेब्रुवारी

आईला हे वाचून दाखवलं. महिलेला उत्पन्नाची अट नाही हे ऐकून तिने स्वतःच कागद एका फाईलला लावायला घेतले. चेकची नोटीस आज पुण्याच्या आणि गावच्या पत्त्यावर गेली. सिंक आणि दाराचं काय करावं? आणि व्हॉट्सॲपचे मेसेज कोर्टात चालतात का?

काळा_कोट | १५ फेब्रुवारी

मेसेज चालतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. एक भाग फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, म्हणजे आईचा, आणि दुसरा तज्ज्ञाचा. त्यात हॅश व्हॅल्यू असते, म्हणजे मेसेज नंतर बदलले नाहीत हे तपासायचा आकडा. हे वकील करून देतील. तुमचं काम एवढंच की आईचा तो फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका, आणि चॅटमधला एकही मेसेज काढू नका, तुमच्या बाजूचे रागातले मेसेजसुद्धा. अर्धी चॅट दाखवली की बाकी अर्धी तो दाखवतो.

सिंक आणि दाराबद्दल: अडीच वर्षांत भिंतीचा रंग उतरला, नळ ढिला झाला, ही वापरातली झीज आहे, ती मागता येत नाही. फुटलेलं सिंक मागता येतं, पण घर दिलं तेव्हा ते धड होतं हे दाखवावं लागेल. तेव्हाचा फोटो आहे का? नसेल तर या रकमेवर फार जोर देऊ नका. दुरुस्तीचं पक्कं बिल घ्या, प्लंबरच्या चिठ्ठीवर नाव आणि तारीख असू द्या.

लाईट बिल तुमच्या आईचंच देणं आहे, कारण महावितरणचा ग्राहक ती आहे. ते भरून टाका, नाहीतर पुढच्या किरायेदाराच्या वेळी मीटर बंद होईल. भरल्याची पावती आणि ३१ जानेवारीच्या रीडिंगचा फोटो जोडून दुसऱ्या नोटिसीत मागा.

हिशेबनीस | १७ फेब्रुवारी

मी सीए आहे, धरमपेठेत ऑफिस. एक गोष्ट घरमालकांच्या लक्षात राहत नाही. न मिळालेल्या किरायावर आयकर भरायची गरज नाही, पण त्याला अटी आहेत: भाडेव्यवहार खरा असावा, किरायेदाराने घर सोडलेलं असावं किंवा सोडायला लावण्याची कारवाई झालेली असावी, तो तुमच्याच दुसऱ्या घरात राहत नसावा, आणि वसुलीसाठी कायदेशीर पावलं उचललेली असावीत किंवा ती उचलून उपयोग नव्हता हे अधिकाऱ्याला पटवता यावं. म्हणजे ही नोटीस आणि तक्रार रिटर्नच्या फाईलमध्येही कामाची आहे. इथे न मिळालेला किराया ४२,००० धरायचा, ७०,००० नाही, कारण २८,००० डिपॉझिटमधून मिळाले. पुढे पैसे वसूल झाले तर ज्या वर्षी येतील त्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवायचे. त्यावरही ३० टक्के वजावट मिळते.

बुटीबोरीकर | १८ फेब्रुवारी

कोर्टाचा निकाल लागला म्हणजे पैसे हातात आले असं समजू नका, एवढं सांगायला लिहून राहिलो. आमच्या काकांचा हुकूमनामा झाला आणि किरायेदार गप्प बसला. मग दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची बजावणी करा असा अर्ज, लावावी लागली. माणूस पुण्याला नोकरीत होता, म्हणून नागपूरच्या कोर्टाने हुकूमनामा बजावणीसाठी पुण्याच्या कोर्टाकडे पाठवला.

पगारातून किती कापतात ते सांगतो. पहिले १,००० सोडायचे, उरलेल्याचे तीन भाग करायचे, त्यातला एक भाग जप्त होतो. ४६,००० पगार असेल तर १,००० वजा, उरले ४५,०००, त्याचा तिसरा भाग १५,०००. हे पैसे कंपनीच कापून कोर्टात भरते. एका हुकूमनाम्यासाठी २४ महिन्यांपर्यंतच ही जप्ती चालते. कंपनीला कोर्टाचं पत्र गेल्यावर त्या माणसाने दुसऱ्याच महिन्यात काकांना फोन केला.

पण यासाठी तो कुठे कामाला आहे आणि बँक खातं कोणतं हे माहीत पाहिजे. माहीत नसेल तर मालमत्तेचं शपथपत्र द्यायला लावा, असा अर्ज कोर्टात करता येतो. आपल्या भाऊंकडे त्याच्या पगार खात्यावरून आलेल्या किरायाच्या नोंदी आहेत, त्या जपून ठेवा. हुकूमनामा १२ वर्षं जिवंत राहतो, घाई नाही, पण माणूस नोकरी बदलण्याआधी गाठलेला बरा.

बजाजनगरच्या_काकू | १८ फेब्रुवारी

मी आता पोरांकडूनसुद्धा ऑनलाईन नोंदणी केलेलं लिव्ह अँड लायसन्स घेते. अंगठा घरीच लॅपटॉपवर होतो. १४,००० किराया आणि २८,००० डिपॉझिट असेल तर ११ महिन्यांची स्टॅम्प ड्युटी, ०.२५ टक्क्याने, चारशेच्या आसपास येते आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. अर्धे-अर्धे वाटून घेतले तर कोणालाच जड नाही. पोलिसांना किरायेदाराची माहिती देणंही त्यासोबत उरकून टाकते. आई-वडिलांचा गावचा पत्ता आणि नंबर मी फॉर्मवर आधी लिहून घेते, मग किल्ली.

त्रिमूर्तीनगरवाला | ९ मार्च

अपडेट देतो. नोटीस पुण्याला १८ फेब्रुवारीला मिळाली, पोचपावतीवर त्याची सही आहे. १५ दिवस ५ मार्चला संपले, काही आलं नाही. परवा मात्र त्याच्या मोठ्या भावाचा फोन आला. म्हणतो, धाकट्याची नोकरी सहा महिने डळमळीत होती, आता लागली आहे, चार हप्त्यांत सगळे देतो, केस करू नका. बोलणं नीट होतं. आई म्हणते द्यावी सवलत. काय करावं?

काळा_कोट | ९ मार्च

आईंना सांगा, सवलत जरूर द्या, पण तक्रार दाखल करून द्या. ६ मार्चपासून तुमचा एक महिना सुरू झाला आहे. चार हप्ते म्हणजे चार महिने. पहिला हप्ता देऊन तो थांबला तर तोवर तक्रारीची मुदत गेलेली असेल. पैशाचा दिवाणी दावा तेव्हाही राहील, पण फौजदारीचा हा दरवाजा बंद होईल. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी कोर्टाला पटेल असं कारण लागतं, आणि "तो देतो म्हणाला होता" हे कमकुवत कारण आहे.

भावाला सरळ सांगा: तक्रार दाखल होईल, हप्ते वेळेवर आले की लोकअदालतीत तडजोड नोंदवून केस संपवू. पैसे द्यायची खरी इच्छा असेल तर तो याला हो म्हणेल.

तडजोडीच्या कागदावर भावाची नाही, किरायेदाराची सही हवी. एकूण ५३,४००, म्हणजे ४२,००० किराया आणि ११,४०० लाईट बिल. प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम. पैसे आईच्या खात्यातच, रोखीने नाहीत. मूळ चेक आणि मेमो तोवर तुमच्याकडेच. "सर्व हिशेब पूर्ण" असा शब्द शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत कुठेही लिहून देऊ नका, व्हॉट्सॲपवर सुद्धा नाही.

विधीमित्र | १० मार्च

पॅनेलवरचे वकील मिळाले असतील तर हीच तडजोड त्यांच्या हातून लिहून घ्या, वेगळा खर्च नाही. पुढच्या राष्ट्रीय लोकअदालतीत प्रकरण ठेवावं असा अर्ज कोर्टात देता येईल.

त्रिमूर्तीनगरवाला | ४ एप्रिल

तक्रार मुदतीत दाखल झाली, प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकील मॅडमनी आईला सोबत बसवून शपथपत्र वाचून दाखवलं, प्रत्येक ओळ समजावून सांगितली. तडजोडीवर किरायेदाराची सही झाली, १३,३५० चे चार हप्ते. पहिला जमा झाला. त्याचा भाऊ येऊन फ्रिज घेऊन गेला, मॉडेल नंबर लिहिलेल्या यादीवर त्याची सही घेतली. सिंकचे पैसे आईने मागितले नाहीत.

ताई, एकच विचारायचं आहे. हा पहिला हप्ता चेकमध्ये धरायचा का लाईट बिलात?

काळा_कोट | ४ एप्रिल

तडजोडीत लिहिलं असेल तसं. लिहिलं नसेल आणि त्याने पैसे पाठवताना काही सांगितलं नसेल, तर कशात धरायचे ते घेणारा ठरवू शकतो. लाईट बिल चेकमध्ये नाही, म्हणून आधी ते फेडून घ्या: ११,४०० बिलात, उरलेले १,९५० किरायात. किरायाचे ४०,०५० उरले, बरोबर तीन हप्ते. हे आजच त्याला लेखी कळवा आणि त्याची प्रत वकील मॅडमना द्या. बिलाचा विषय संपला, आता उरलेली सगळी बाकी चेकच्या केसमध्येच आहे.